फाल्गुनात घरी न्यायची पुस्तकं

त्या दिवशी यवतमाळच्या पुस्तकांच्या दुकानात मी लाकडी स्टुलावर बसले, मांडीवर चित्रांचं एक पुस्तक उघडलं आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जाग आली ती दुकानदाराच्या आवाजाने. तो पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभा होता.

"मॅडम, बरं नाही का वाटत?"

"बरंय," मी म्हटलं. "झोप झाली नाही."

हे खरं नव्हतं. झोप झाली होती. त्या वर्षी मी कितीही झोपले तरी उठताना अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं.

मी दिग्रसला राहते आणि तिथून काळीपिवळी जीपने एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत शिकवायला जाते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. एक मी आणि एक आमचे मुख्याध्यापक सर. त्या हिवाळ्यात मतदार यादीचं काम झालं, मग घरोघरचं सर्वेक्षण, मग मुलांची माहिती मोबाईलवर भरायची आणि ती गेली नाही म्हणून पुन्हा भरायची. उरलेल्या वेळात शिकवायचं. माघ सरत आला आणि वरून आणखी एक सूचना आली. लहान मुलांसाठी वसंत ऋतूला साजेशी, चांगले संस्कार करणारी, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावीत अशी पुस्तकं घ्या. दर शनिवारी ती मुलांसोबत घरी पाठवा. आई-वडील मुलांना जवळ घेऊन वाचताहेत असे फोटो ग्रुपवर टाका.

सरांनी ते वाचून दाखवलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

"पुस्तकं आणू," ते म्हणाले. "आई-वडील कुठून आणाचे?"

दिवाळी झाली की आमचा अर्धा तांडा रिकामा होतो. ट्रक येतात, भांडीकुंडी, कोयते, गोधड्या आणि माणसं भरून घेतात आणि ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेच्या वयाची पोरं. टोळ्या परत येतात त्या होळीच्या आगेमागे. बंजाऱ्यांचा सगळ्यात मोठा सण होळी. त्यामुळे जमेल तितके जण तोवर पोचायची धडपड करतात.

तर मी त्या दुकानात अशा घरांसाठी पुस्तकं निवडत होते.

दुकानदाराने आधी संस्कारांची चळत काढली. एका पुस्तकातला मुलगा पहाटे उठून आई-वडिलांच्या पाया पडत होता, दूध पीत होता आणि शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य होतं. "हे घ्या मॅडम. याला कोणी नाव ठेवत नाही," तो म्हणाला. मग वसंताची पुस्तकं काढली. एकात लोकरीची टोपी घातलेली दोन मुलं बर्फातून वर आलेलं पिवळं फूल बघत होती. एकात कोकीळ आणि आंब्याचा मोहोर, ओळीओळीला यमक. एकात आई पलंगावर मुलीशेजारी आडवी होऊन, दिव्याच्या उजेडात तिला गोष्ट वाचून दाखवत होती. खोलीला पडदे होते, आईच्या अंगावर इस्त्रीचा गाऊन होता. मी ते पान बराच वेळ पाहिलं आणि पुस्तक बाजूला ठेवलं. चित्र वाईट नव्हतं. पण ते कुणाच्या हाती देऊ, हे मला सुचेना.

मी निवडत गेले. अक्षर मोठं हवं. पानावर ओळी कमी हव्यात. म्हातारं माणूस नुसतं ऐकत बसलं तरी त्याला कंटाळा येऊ नये. मुंग्यांचं एक घेतलं, झाडांचं एक, विहिरीतल्या कासवाचं एक, लोककथांचं एक जाडसर. सरांची बाजू राखायला संस्कारांची दोन घेतली. आणि शेवटी एक अस्वलाचं.

ते मी का घेतलं ते सांगते. मुखपृष्ठावर एक भलंमोठं अस्वल गुहेत झोपलेलं होतं. पोट वर, पंजे सैल, तोंड अर्धवट उघडं. त्या चित्रकाराने झोप अशी काढली होती की पाहणाऱ्याने हेवा करावा. पुस्तकात काय आहे हे मी दुकानात वाचलंसुद्धा नाही. परतीच्या एसटीत वाचलं. हिवाळाभर एक अस्वल झोपून असतं आणि एक चिमणी रोज गुहेच्या तोंडाशी येऊन त्याला त्या दिवशी काय झालं ते सांगते. आज वारा होता. आज नदी गोठली. आज एक पान पडलं. मग विचारते, उठलास का? ते उठत नाही. असं करत वसंत येतो. अस्वल डोळे उघडतं आणि म्हणतं, थोडं थोडं ऐकू आलं गं, पहिल्यापासून सांग. एवढंच.

तिसरीत एक मुलगी होती. अंगाने काडी, केस तेलाने चपचपीत बसवलेले, बोलणं कमी. तिची धाकटी बहीण शाळेशेजारच्या अंगणवाडीत होती, पण बसायची आमच्या वर्गात, बहिणीला चिकटून. दोघींचे आई-वडील दिवाळीपासून तोडीवर होते. घरी आजोबा एकटे, त्यांना त्या दादा म्हणायच्या. मी दोघींना थोरली आणि धाकटीच म्हणते. नावं सांगायची नाहीत असं मी ठरवलं आहे.

पहिल्या शनिवारी थोरलीने ते अस्वलाचं पुस्तक नेलं. सोमवारी परत आणलं आणि माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

"वाचलं?"

"वाचलं."

"आजोबांना वाचून दाखवलं?"

"दाखवलं. मॅडम, दादा म्हनते हे पुस्तक लबाड हाये."

"का बरं?"

"दादा म्हनते, अस्वल कायले झोपते? फागन लागला का ते मोहाखाली येते. मोहाची फुलं खाते अन् मानसाच्या आंगावर येते. दादाच्या भावाले फाडलं होतं."

वर्गात एकदम गलका झाला. प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी अस्वल पाहिलेलं होतं. मी सांगितलं की हे थंड देशातलं अस्वल आहे, तिथे बर्फ पडतो, तेव्हा ते झोपतं. एकाने विचारलं, बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा का? मी हो म्हटलं, तसाच, पण सगळीकडे. सगळे विचार करू लागले.

पुढच्या शनिवारी मी थोरलीला मुंग्यांचं पुस्तक देऊ केलं. तिने मान हलवली.

"मले तेच द्या. लबाडवालं."

त्यानंतर तिने दुसरं पुस्तक नेलंच नाही. मी एकदोनदा म्हटलं, अगं इतकी आणली आहेत, कुणासाठी आणली मी? ती खाली बघायची आणि कपाटाशी जाऊन अस्वलाचंच उचलायची. नंतर मी म्हणणं सोडून दिलं. तेवढेच बोलायचे कष्ट वाचले.

पळस फुलला. जीपच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसतं केशरी दिसायचं आणि मी डोळे मिटून बसायचे, कारण उन्हाची तिरीप आत्ताच डोळ्यांत जायला लागली होती. सकाळची शाळा सुरू झाली. म्हणजे पहाटे उठून डबा, मग जीप. मिस्टर एकदा म्हणाले, "काहून वं, सुट्टी काहून नाही टाकत दोनचार दिवस?" मी म्हटलं, सुट्टी टाकली तर तांड्यावर एकटे सर, चार वर्ग. त्या दिवसापासून ताटं तेच धुवायला लागले.

होळीच्या आधी ट्रक यायला लागले. शाळेच्या भिंतीपलीकडून हॉर्न ऐकू आला की वर्गातलं एखादं पोर काही न विचारता उठून पळायचं. मी अडवत नव्हते. एकेक करून बरीच पोरं पळाली. थोरली प्रत्येक हॉर्नला मान वर करायची. धाकटी तिच्याकडे बघायची. मग दोघी पुन्हा खाली बघायच्या. त्यांच्या आई-वडिलांची टोळी लांबच्या कारखान्यावर होती आणि तो कारखाना अजून चालू होता, असं कुणीतरी सरांना सांगितलं.

होळी झाली. तांड्यावर होळीची लेंगी गाणी रंगली, बाया-माणसं गोल धरून नाचली. धुळवडीनंतर शाळेत आलेल्या पोरांचे कान अजून गुलाबी होते. थोरलीच्या अंगावर रंगाचा ठिपका नव्हता.

"खेळली नाहीस?"

"नाही."

"का गं?"

"याडी आल्यावर खेळतो." याडी म्हणजे आई.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हजेरी घ्यायला वळले.

सरांच्या मागे फोटोंचा तगादा लागला होता. बाकीच्या शाळांनी टाकले होते. आमच्याही काही पालक आता आले होते, म्हणून सर दोन घरी जाऊन आले. एका घरी बाप पुस्तक उलटं धरून बसला होता आणि सरांच्या ते फोटो टाकल्यावर लक्षात आलं. ग्रुपवर आलेल्या टाळ्यांच्या चिन्हांत आणखी काही टाळ्या आल्या, एवढंच.

मग एके दिवशी थोरली आणि धाकटी शाळेत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरांनी सांगितलं, त्यांचा ट्रक आला. मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत तेव्हा शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी निघाले. सर म्हणाले, "जातच आहा तर एक फोटो घेऊन घ्या."

दुपार झाली होती. घर टिनाचं, पुढे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा मांडव. मांडवात गाठोडी जशी उतरवली तशीच पडलेली होती, न सोडलेली. कोयते भिंतीला टेकलेले. आजोबा कुठे दिसले नाहीत. मांडवाच्या सावलीत दोन माणसं झोपलेली होती, खाली नुसतं पोतं. आई कुशीवर, हाताची उशी करून. बाप उताणा. त्यांचे पाय मला आधी दिसले, भेगांत काळं भरलेले. चेहऱ्यावर माश्या बसत होत्या तरी हात हलत नव्हता.

बापाच्या उशाशी थोरली बसली होती. मांडीवर अस्वलाचं पुस्तक होतं, पण ती त्यात बघत नव्हती. हळू आवाजात, त्यांच्या गोरबोलीत काही सांगत होती. मला गोरबोली थोडी कळते, इतकी वर्षं कानावर पडून. ती सांगत होती की थंडीत बकरी व्याली, दोन पिल्लं झाली, एक मेलं. मग सांगितलं की दादाला ताप आला होता तेव्हा शेजारच्या काकीनं भाकर दिली. मग सांगितलं की मॅडम वर्गात वाचता वाचता झोपल्या होत्या आणि सगळे चूप बसले होते.

हे मला माहीत नव्हतं. मी मांडवाच्या बाहेरच थांबले.

धाकटी बापाच्या पोटाजवळ बसून मधूनमधून वाकून त्याच्या डोळ्यांत बघायची आणि विचारायची, उठला का? थोरली पुढचं सांगायला लागायची. एकदा बापाने डोळे न उघडता 'हं' केलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरलीने आवाज किंचित वाढवला.

फोन माझ्या पर्समध्ये होता. फोटोचं मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं. पण झोपलेल्या माणसांचा, तोंडावर माश्या असताना, तो कुणाला पाठवायचा? आणि मी ते न विचारता कसं करायचं? मी पर्स उघडली नाही.

माझी सावली आत पडली असावी. आई खडबडून उठली आणि पदर सावरला.

"मॅडम, कई आल्या? झोप लागली जी. दिवसाची झोपत नाही मी कधी."

"झोपा," मी म्हटलं. "मीच अवेळी आले."

तिने मला बसायला पोतं झटकून दिलं. माठातलं पाणी दिलं. बाप उठून बसला, डोळे चोळले आणि हात जोडले. मी विचारलं, मुली शाळेत का नाहीत?

"सोडून राह्यल्या नाही आमाले," आई म्हणाली. "पानी प्याले गेलं तरी मागं येते. म्हटलं राहू द्या दोन दिवस."

बाप म्हणाला, "हे रोज वाचून राह्यली मॅडम. कधी वाचते, कधी सोताच्या मनचं सांगते. अर्धं आयकू येते, अर्धं नाही. पर बरं लागते. कोनी बोलून राह्यलं तर झोप चांगली लागते."

मी हसले. थोरलीही हसली, पहिल्यांदाच दात दाखवून.

मग आईने ते सांगितलं. खाली बघून सांगितलं, म्हणजे तिलाही ठाऊक होतं मी काय म्हणणार ते. तिला दिवस गेले होते. दिवाळीच्या आत मोकळी होईल. मग तोडीवर जाताना तान्हं बरोबर असेल, आणि फडात कोयता चालवताना त्याला सांभाळायला कुणीतरी हवं. "हिले घेऊन जातो येत्या दिवाळीले," ती म्हणाली. "आता हुशार झाली."

मी बोलले. दरवर्षी बोलते तेच बोलले. चौथीचं वर्ष आहे, मागे पडेल, इकडे कुणाजवळ ठेवता येईल का, पाहा. दोघांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हो हो म्हटलं. मला माझाच आवाज लांबून येत असल्यासारखा वाटत होता. असे हो हो मी किती घरांतून घेऊन आले आहे. परतताना थोरली पुस्तक घेऊन माझ्यामागे आली.

"परत देऊ मॅडम?"

"ठेव. सुट्टीभर ठेव."

पावसाळा गेला. मुलींच्या आईला मुलगा झाला. दसऱ्यानंतर थोरली शाळेत यायची, पण तिचं लक्ष नसायचं. दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी मी कपाट उघडून बसले. तिच्याबरोबर काही द्यायचं होतं. यवतमाळच्या दुकानात निवडणं सोपं होतं, असं तेव्हा वाटलं. उसाच्या पाचटाच्या खोपीत राहणाऱ्या, दिवसभर भावाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या चौथीतल्या पोरीने कोणतं पुस्तक न्यावं, हे कुठल्याच सूचनेत आलेलं नव्हतं. धूर लागणार, दव पडणार, तान्हं पानं तोंडात घालणार. धाकटीही जाणार होती बरोबर, ती पहिलीत आली होती आणि तिला नुकती अक्षरं लागायला लागली होती. मी मुंग्यांचं काढलं, त्यात शब्द थोडे. लोककथांचं काढलं, जाड, हिवाळाभर पुरेल. तिसरं तिने स्वतः आणून माझ्या हातात दिलं. कोणतं ते सांगायला नको.

सर म्हणाले, "मॅडम, रजिस्टरला हायेत हे. हारपलं तर?"

"हरवलं तर हरवलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिहून ठेवतो, वाचनासाठी घरी दिली म्हणून." मग म्हणाले, "खोटं तर नाही ना ते."

त्या हिवाळ्यात मी वर्गात तिच्या जागेकडे फारसं बघितलं नाही. अशा जागा बऱ्याच होत्या. एक दिवस मी दिग्रसमध्ये मतदार यादीचे कागद घेऊन कुणाच्या तरी दाराशी उभी होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रॅक्टर आणि बायकांचा आवाज.

"मॅडम, मी हाये."

तिचा आवाज फोनवर मोठ्या बाईसारखा वाटला.

"कशी आहेस गं?"

"बरी हावो. मॅडम, सगळी वाचून झाली. आता काय वाचू?"

दारातल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातातून कागद घसरत होते. पाठ दुखत होती.

"तेच पुन्हा वाच."

"तेच वाचून राह्यलो. याडीले पाठ झालं. ते मधातच पुढचं सांगून देते." मग तिकडून कुणीतरी हाक मारली, बाळ रडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. मी परत लावला, लागला नाही.

त्यांचा ट्रक त्या वर्षी होळीला आला. वेळेवर. मी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर थोरली आणि धाकटी दोघींचे हात कोपरापर्यंत जांभळे. थोरली वर्गात बसली आणि गुणाकारात अडकली, सगळं विसरली होती. सरांनी तिला फळ्यापाशी उभं केलं, मग बसायला सांगितलं. वाचायला दिलं तेव्हा मात्र न अडखळता वाचलं. मोठ्याने, एका लयीत, जरा ओरडून. बहुधा ट्रॅक्टरच्या आवाजावर वाचायची सवय झाली असावी.

शाळा सुटायच्या सुमाराला तिची आई आली. कडेवर मुलगा, हातात पिशवी. पिशवीतून तिने पुस्तकं काढली. लोककथांचं भिजून फुगलेलं होतं. अस्वलाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ गेलेलं. मुंग्यांचं नव्हतंच.

"ते दुसऱ्या टोळीतल्या पोरीनं वाचाले नेलं जी. त्यायचा मुकादम त्यायले दुसऱ्या कारखान्यावर घेऊन गेला. पुस्तक गेलं संगं."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "कुणीतरी वाचत असेल."

"यातलं एक पान या लेकरानं फाडलं," ती म्हणाली आणि अस्वलाचं पुस्तक माझ्यापुढे उघडलं. "पर मले सांगता येते त्याच्यात काय होतं ते." आणि तिने सांगितलं. चिमणी म्हणते आज नदीचं पानी मोकळं झालं, आज मी पाय धुतले. तिला वाचता येत नाही. तिने ते मराठीत, पुस्तकातल्या शब्दांत सांगितलं आणि मग लाजून पदर तोंडाला लावला.

"गाडी भरून आलं का आंग टाकून द्याव वाटे," ती म्हणाली. "चूल पेटवाची हिंमत नाही राहे. हे वाचे. मी भाकरी टाकत टाकत आयको. हिचा बा तं पयल्याच पानाले झोपे."

मी विचारलं नव्हतं तरी तिनेच पुढचं सांगितलं. तिची बहीण ढाणकीला असते. येत्या जूनपासून दोन्ही मुलींना तिच्याजवळ ठेवायचं ठरलं होतं. दाखले काढून त्या तिकडच्या शाळेत जातील. लहान्याचं काय करणार, असं मी विचारलं तर म्हणाली, सासऱ्याला तोडीवर बरोबर नेतो, ते सांभाळतील. बुढा तयार हाये.

मला बरं वाटलं. ते खरं ठरेल की नाही याची खात्री नव्हती, आणि खरं ठरलं तर चौथी झालेल्या थोरलीबरोबर धाकटीही आमच्या पटावरून कमी होणार होती. पट कमी झाला की शाळेचं काय होतं ते मला आणि सरांना माहीत होतं. तरी बरं वाटलं. जूनमध्ये दाखल्यांवर सरांनी सही केली तेव्हा त्यांनी पेन जरा जास्त वेळ हातात धरला होता, पण ते नंतरचं.

त्या दुपारी ती जायला वळली आणि दारात थांबली.

"मॅडम, एखांदं अजून देता का? सुट्टीत वाचतीन पोरी."

"घ्या ना. थोरलीला विचारा कोणतं हवं."

"मी पाहू?"

मी कपाट उघडून दिलं. तिने मुलाला माझ्याजवळ दिलं. तो जड होता, उन्हाने तापलेला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून लगेच स्वस्थ झाला. मी मुलांच्या सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. जीपची वेळ होत आली होती. तिने एकेक पुस्तक काढलं, पानं उलटली, चित्रं नीट पाहिली, पुन्हा जागेवर ठेवलं. घाई नव्हती तिला. मला वाटलं होतं ती पहिलं हाताला लागेल ते नेईल.

दूध पिणाऱ्या मुलाचं पुस्तक तिने लगेच मिटलं. "यातलं पोरगं आपल्यातलं नाही वाटत." एक बागेचं होतं, ते बराच वेळ पाहून ठेवलं. "यातली बाई लयच हासून राह्यली." कोकिळेचं धरून विचारलं, हे गाण्याचं हाये का? मी हो म्हटलं. "मंग हे नको. गानं आमच्याजवळ लय हायेत."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मी उठले नाही. दुसरी येईल, म्हटलं.

शेवटी तिने झाडांचं पुस्तक काढलं आणि एका पानावर थांबली. मी मान लांब करून पाहिलं. भर दुपार, एक मोठं झाड, खाली एक बाई बसलेली, शेजारी टोपली. त्या चित्राकडे मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

"हे नेतो," ती म्हणाली.

"यात काय आवडलं?"

तिने पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि बोट ठेवलं.

"पाहा ना. या बाईनं पाय पसरले हायेत."